जबड्याची पट्टी

झुंबरबाई काही भित्री बाई नव्हे. गोठ्यात निघालेला नाग तिनं एकटीनं काठीनं बाहेर काढला होता. पण हातभर कापडी पट्टीनं तिची पाचावर धारण बसवली, ती कशी ते ऐका.

तिचा नवरा केरबा दुधाचा टेंपो चालवायचा. पहाटे तीनला गडमुडशिंगीतून निघायचं, गावोगावचे कॅन गोळा करायचे आणि दुपारी जेवून आडवं व्हायचं. घोरायचा असा की गोठ्यातली म्हैस बुजायची. मधेच घोरणं थांबायचं, श्वासही थांबायचा. दिवाळीनंतर एका सकाळी चालत्या टेंपोत त्याचा डोळा लागला आणि टेंपो उसात घुसला. ऊस होता म्हणून निभावलं, विहीर असती तर?

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झोपेत तासाला चाळीस वेळा श्वास अडतोय. नाकावर मास्क लावून हवा सोडणारं मशीन आलं, सीपॅप म्हणतात ते. झोप सुधारेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असंही बजावलं. टेंपोवर बदली माणूस बसला. केरबा रात्री आणि दुपारी मशीन लावून झोपू लागला, पण गुण काही येईना. डोळा लागला की त्याचा जबडा खाली पडायचा आणि नाकातून गेलेली हवा तोंडातून फुर्रर्र करून बाहेर. घशाला कोरड पडून तो उठायचा आणि मास्क ओढून फेकायचा.

मशीनच्या कंपनीत कामाला असलेली पोरगी क्रांती बघायला आली. तिनं केरबाला आडवं केलं, मशीन चालू ठेवूनच मास्कचे पट्टे सैल-घट्ट करून बघितले, नाक मोकळं आहे का तेही विचारलं.

"मास्क बरोबर बसलाय, मामा. हवा तोंडातनं गळतेय." तिनं पिशवीतून एक पट्टी काढली. "मावशी, ही हनुवटीखालनं घेऊन डोक्यावर बांधायची, म्हणजे तोंड उघडणार न्हाई. नाक चोंदलं असंल त्या दिवशी मात्र बांधू नका."

हनुवटीखालून डोक्यावर. तशी पट्टी झुंबरबाईनं एकदाच बघितली होती, सासऱ्याला तिरडीवर ठेवायच्या आधी. आणि ही पोरगी म्हणते, जित्या नवऱ्याला बांधा! "बांधते की," असं म्हणून तिनं पट्टी घेतली आणि क्रांतीची पाठ वळताच ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी घातली.

"पट्टी कुठं हाय गं?" केरबानं विचारलं.

"धुतलिया. वाळू दे की."

आठ दिवस झाले तरी ती पट्टी काही वाळेना. केरबा दिवसा बसल्या जागी पेंगायचा, आणि झुंबरबाई रात्रभर जागी राहून त्याचा अडलेला श्वास परत सुरू व्हायची वाट बघायची. ट्रंक उघडायला मात्र तिचा हात धजायचा नाही.

क्रांती परत आली. मशीनवरचे आकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "गळती तेवढीच हाय. मावशी, पट्टी बांधताय न्हवं?"

"व्हय की."

"मशीन तर न्हाई म्हणतंय."

मग झुंबरबाईचा बांध फुटला. "अगं पोरी, मेलेल्याचं जबडं बांधत्यात. मी जित्या माणसाला कशी बांधू? कुंकवाच्या धन्याला, माझ्या हातानं?"

केरबा कॉटवरून सावकाश म्हणाला, "तू बांधलीस तर उठल्यावर तूच सोडशील. तू न्हाई बांधलीस, तर एक दिवस भावकी येऊन बांधंल."

त्या दुपारी तिनं ट्रंकेतून पट्टी काढून बांधली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. केरबाचा डोळा लागला. फुर्रर्र नाही, घोरणं नाही. बत्तीस वर्षं त्या आवाजावरच ती नवरा जिता आहे हे ओळखत होती. आता पांघरूण हलतंय का ते बघत ती बराच वेळ उभी राहिली आणि मन घट्ट करून चुलीकडे गेली.

तेवढ्यात विरजण मागायला शेजारची अंबूबाई आत आली. कॉटवर निपचित पडलेला केरबा आणि बांधलेला जबडा बघून तिनं हंबरडाच फोडला. "अगं झुंबर, घात झाला गं!"

झुंबरबाई धावत आली. अंबूबाई उगाच ओरडतेय, हे तिला ठाऊक होतं. पण एवढ्या आरडाओरड्यानं गल्ली गोळा झाली असती, आणि केरबाची पापणीसुद्धा हलली नव्हती. मांजरानं भांडं पाडलं तरी दचकून उठणारा माणूस. मीच बांधली, माझ्या हातानं बांधली, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं दोन्ही हातांनी त्याला गदागदा हलवलं.

केरबानं डोळे उघडले. मास्क आणि पट्टी खाली ओढून तो चिडून म्हणाला, "काय झालं? कुणी मेलं का काय? कित्येक वर्सांनी अशी झोप लागलीती. कशाला उठिवलंस?"

झुंबरबाईला रडू आवरेना. "काय न्हाई झालं. झोपा तुमी."

अंबूबाईला तिनं दंडाला धरून बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. मास्क नीट बसवला. मग हनुवटीखालून पट्टी घेऊन तिनं परत बांधली.

"लई घट्ट न्हाई न्हवं?"

केरबानं नुसती मान हलवली. तोंड बंद होतं.