शेवटच्या बाकावरच्या मावशी

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात, एका रविवारी ख्रिस्ती देवळातली मिस्साची उपासना आटोपल्यावर, पाववाली झाकलेलं सुपाचं भांडं घेऊन मावशींच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि मावशी दार अर्धंच उघडून आडव्या उभ्या होत्या.

"काकांना बघून जाते दोन मिनिटं," पाववाली म्हणाली.

"झोपलेत हो. आणि आम्हा साध्या माणसांसाठी कशाला एवढा त्रास? ते सूप शिंप्याच्या घरी द्या, त्यांची सून बाळंतीण आहे."

"तिला दिलं. हे तुमचं आहे."

"तुमच्या कृपेनं सगळं आहे घरात."

आतून खोकल्याची उबळ आली आणि मागोमाग घोगरा आवाज, "मी जागा आहे."

दोघींनीही तो ऐकला. मावशी गोड हसल्या आणि दार लावून घेतलं.

त्यांना सगळे 'शेवटच्या बाकावरच्या मावशी' म्हणत. पुढची बाकं रिकामी असली तरी त्या देवळात भिंतीला टेकून, अगदी मागे बसत. वेदीवरची वस्त्रं वर्षानुवर्षं त्याच धूत. त्या वस्त्रांवर पवित्र द्राक्षारसाचा थेंब सांडलेला असू शकतो, म्हणून त्यांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, मातीतच मुरवायचं असतं. मावशी ते पाणी देवळाच्या अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी हळूच ओतत. कुणी नवी सून मदतीला पुढे झाली की म्हणत, "राहू दे बाळ, हे हलकं काम माझ्याच वाट्याचं." इतक्या मायेनं म्हणत, की त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून कधी लागला नाही.

कुणाच्या घरी आजारपण आलं की मावशी हजर. अंथरूण बदलणं, शौचाची भांडी उपसणं, ज्याला घरचीही माणसं नाक मुरडत ते सगळं त्या करत. पाववालीची आई सहा-सात महिने लोळागोळा होऊन पडली होती, तेव्हा रोज सकाळी मावशीच तिला स्वच्छ करायच्या. त्या घरचं घोटभर पाणीही त्यांनी कधी घेतलं नाही. लोक हात जोडत, आणि त्या मान खाली घालून निघून जात.

आता आजारपण त्यांच्याच घरात आलं होतं. मावशींच्या नवऱ्याचं, काकांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर एकाचं असे आणि गप्पा मारायला चौघे बसलेले असत. पोस्टमन आणि शिंपी हे दोघे त्यांचे जिवलग. देवळाच्या गायनमंडळात हे तिघे म्हातारे शेजारी उभे राहून खालच्या सुरात गात. पोटातल्या गाठीनं काकांना अंथरुणाला खिळवलं, देहावरचा ताबा गेला, आणि मावशींनी घराचं दार बंद केलं.

"मी जागा होतो," त्या आत आल्यावर काका म्हणाले.

"चादर बदलायची होती अजून. वास येतोय खोलीत."

"तिच्या आईच्या खोलीत काय अत्तर शिंपडलं होतं?"

मावशी चादर ओढू लागल्या.

"बुधवारी पोस्टमन आला होता. त्यालाही झोपलेत म्हणालीस. लोकांना वाटेल, हा माणूस आतापासूनच कायमच्या झोपेचा सराव करतोय."

मावशींना हसू आलं नाही. काकांनी त्यांचं मनगट धरलं. "अगं, एक कर माझ्यासाठी. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर गायनमंडळाला इकडे बोलाव. दोन गाणी म्हणू देत. आवाज नाही राहिला, पण मी ओठ हलवीन त्यांच्याबरोबर. फार एकटं वाटतं गं इथं."

"बरं," मावशी म्हणाल्या. म्हणाल्या तेव्हा ते मनापासून होतं.

मग त्यांनी गायनमंडळाला निरोप धाडला आणि आठवडाभर खोली घासली. पडदे धुतले, भिंती पुसल्या, गादी उन्हात घातली. पण वास काही हटेना. शुक्रवारी रस्त्यात पोस्टमन भेटला. उत्साहानं म्हणाला, "कोणती गाणी म्हणायची ते विचारून ठेवा त्याला."

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "आणखी एक रविवार जाऊ दे ना, भाऊ. त्यांना जरा तरतरी येऊ दे. आणि आमच्यासारख्यांसाठी सगळ्या मंडळीनं एवढं जिना चढून यायचं, मला कसंसंच होतं."

"मावशी, वासाचं म्हणत असाल तर आम्हाला ठाऊक आहे. माझ्या वडिलांचं तुम्हीच नाही का केलंत?"

"ते वेगळं," मावशी म्हणाल्या.

रविवारी काकांनी दाढी करून घेतली, धुतलेला सदरा मागितला. देवळाची घंटा झाली. मिस्सा सुटल्याची गडबड रस्त्यावरून गेली आणि विरली. काका दाराकडे बघत राहिले.

"थांबले असतील फादरांशी बोलत," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाले, "शिंप्याचा गुडघा दुखतो. त्याला जिना चढायला वेळ लागतो."

तेव्हा मावशींना सांगावंच लागलं. "आज नाही यायचे ते. मीच पुढच्या रविवारी या म्हटलं."

काका रागावले नाहीत. "प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा एका शिष्यानं पाय मागे घेतले होते," ते म्हणाले. "तुझं तसं आहे. पण त्यानं निदान स्वतःचेच घेतले." मग त्यांनी सावकाश तोंड भिंतीकडे फिरवलं.

गुरुवारी सकाळी मावशी इस्त्री केलेली वस्त्रं देवळात पोचवायला निघाल्या. पायरीशी पाववाली भेटली, म्हणाली, तुम्ही येईपर्यंत मी बसते काकांपाशी. मावशी म्हणाल्या, कशाला, ही आलेच मी. वस्त्रं घड्या मोडू न देता कपाटात रचायला थोडा वेळ लागला. परत आल्या तेव्हा काका गेलेले होते. तोंड भिंतीकडेच होतं.

दफनाच्या आधी मावशी फादरांकडे पापकबुलीला गेल्या. "मी गर्विष्ठ आहे फादर. माझ्या गर्वापायी माझा माणूस एकटा मेला."

फादर तरुण होते, मनाचे चांगले होते. "मावशी, दुःखात माणूस स्वतःला नको ते दोष लावतो. तुमच्याइतकी नम्र बाई या मंडळीत दुसरी नाही." आणि त्यांनी एक छोटीशी प्रार्थना प्रायश्चित्त म्हणून सांगितली.

इतकी वर्षं हे शब्द ऐकले की मावशींच्या पोटात ऊब येई. त्या दिवशी ती आली नाही. फादर आणखी काही म्हणतील म्हणून त्या पापकबुलीच्या जाळीशी थांबल्या. शेवटी उठल्या.

दफनात गायनमंडळ गायलं. पोस्टमन आणि शिंपी मधे एका माणसाची जागा सोडून उभे होते.

घरी आल्यावर पाववाली न विचारताच मागोमाग आत शिरली. कोपऱ्यात काकांच्या अंथरुणाची चादर तशीच पडली होती. तिनं ती उचलली. मावशींनी दुसरं टोक धरलं.

"ठेवा ते. मी धुते."

"तुम्ही बसा."

"घाण आहे तिला."

"दिसतंय मला."

दोघी चादर धरून उभ्या राहिल्या. पाववाली ओढत नव्हती, सोडतही नव्हती. मग मावशींनी टोक सोडलं आणि त्या खुर्चीवर बसल्या. मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला. चादर धुऊन होईपर्यंत मावशी दोन्ही तळवे उताणे मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

पोस्टमन काकांच्या मागे दोन वर्षांनी गेला. शिंप्यानं मग गाणं सोडलं. फादरांची मोठ्या देवळात बदली झाली. तिथं ते नम्रतेवर बोलताना शेवटच्या बाकावरच्या एका बाईचा दाखला देत आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत, असं कानावर यायचं. वेदीवरची वस्त्रं पाववालीकडे आली. ती बडबड करत धुते, पण पहिलं पाणी झाडालाच घालते.

मावशी पुष्कळ जगल्या. शेवटी अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि त्या पडूनच राहिल्या. मंडळीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. सुरुवातीला मावशी 'राहू द्या, राहू द्या' म्हणत. पुढे तेही थांबलं. बायका अंग पुसायला बसल्या की त्या डोळे घट्ट मिटून घेत. ओलं फडकं काखेपाशी आलं की चांगला हात आपणहून वर करत, जेवढा होई तेवढा.