घोडा काय म्हणतोय?

त्या गुरुवारी मी शहराच्या जुन्या भागात, बसवनगुडीला, आई-अण्णांच्या घरी बसून ऑफिसचं काम करत होते. दुपारी मीटिंग संपली तसे अण्णा भिंतीला हात लावत खोलीत आले आणि म्हणाले, "अनु, तुझ्या लॅपटॉपवर आपला टोपीवाला येतो का गे?"

टोपीवाला म्हणजे आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ. मी तिसरीत असताना अण्णांनी कारखान्याच्या लिलावातून एक जुना कॉम्प्युटर घरी आणला होता आणि कुणीतरी त्यात हा खेळ तसाच राहू दिला होता. अमेरिकेतलं एक धुळकट गाव. तिथं टोप्या विकायला आलेल्या एका भित्र्या माणसाला लोक चुकून नवा शेरीफ, म्हणजे गावचा फौजदार, समजतात आणि गुंड पकडायच्या कामाला लावतात. माउसनं बाणाचा कधी डोळा करायचा, कधी हात, कधी तोंड. डोळ्यानं वस्तू निरखायची, हातानं उचलायची, तोंड ज्याच्यावर ठेवू तो बोलायचा. पण आवाज नव्हता. बोलणं खाली इंग्रजीत उमटायचं आणि मी अण्णांचा शर्ट ओढून विचारायचे, "हा काय म्हणतोय?"

अण्णांनी त्या गावाचं नाव आमच्या शहराबाहेरच्या एका गावावरून देवनहळ्ळी ठेवलं होतं. तेव्हा तिकडं विमानतळ नव्हता, नुसता किल्ला, शेतं आणि लाल धूळ. दारूच्या गुत्त्यात शिरलेला आडदांड गुंड टेबलावर पिस्तूल आपटायचा आणि अण्णांच्या आवाजात गरजायचा, "एक कॉफी, दोन कपांत बाय-टू! आणि दोन्ही कप मलाच." न्यायाधीश आमच्या घरमालकासारखा नाकातून बोलायचा आणि दर वाक्याला पाण्याची मोटर बंद करायला सांगायचा. घोड्यावर तोंड ठेवलं की तो थेट रिक्षावाला व्हायचा. "तिकडं येत नाही बा. रिटर्न भाडं मिळत नाही. मीटरवर स्वल्प जास्ती द्या, मग बघतो."

आणि एकदा न्यायाधीशानं विचारलं, तू कोण? तर टोपीवाला छाती काढून म्हणाला, "साहेब, मी अख्ख्या गावाला टोपी घालायला आलोय." मी हसून हसून खुर्चीवरून खाली आले.

ते वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून डोक्यात राहिलं. चौथीत एकदा शाळेच्या व्हॅनमध्ये ते आठवून हसत असताना मनात आलं, टोपी घालणं म्हणजे फसवणं हे तर आपल्या बोलण्यात. अमेरिकेतल्या माणसाला कसं सुचलं? घरी आल्यावर मी खेळ लावला आणि खालची ओळ स्वतः वाचली. तिथं एवढंच होतं, मी टोप्या विकतो, साहेब. मग गुंडाची ओळ वाचली. त्यानं व्हिस्की मागितली होती. घोडा तर काही बोललाच नव्हता. तो फक्त फुरफुरला होता.

संध्याकाळी अण्णा कारखान्यातून आले, पाय धुऊन माझ्याशेजारी बसले. मी एका म्हाताऱ्या लोहारावर तोंड ठेवलं आणि विचारलं, "अण्णा, हा काय म्हणतोय?"

पाचवीत विचारलं, सहावीत विचारलं. मला वाचता येतं असं कळलं असतं तर घोडा गप्प झाला असता. पण अण्णांना निराळीच काळजी लागली. इंग्लिश मीडियमची पोर, आणि तिला पडद्यावरच्या दोन ओळी वाचता येईनात. त्यांनी मला मागच्या गल्लीतल्या सरोजम्मा मिसकडे इंग्रजीच्या शिकवणीला घातलं. महिन्याभरात मिसनी त्यांना सांगितलं, "मुलगी छान वाचते हो, हिला शिकवणी कशाला?" तर अण्णा म्हणाले, "तुमच्या भीतीनं वाचते, मिस. घरी येऊन बघा, घोड्यापाशी अडते." मी सातवी संपेपर्यंत मुकाट्यानं शिकवणीला जात राहिले.

त्या गुरुवारी जुने खेळ जपून ठेवणाऱ्या एका साइटवर टोपीवाला सापडला. अण्णांनी खुर्ची ओढून घेतली. साखरेनं त्यांचे डोळे बरेचसे नेले होते. रंग हललेले कळत, अक्षरं नाही.

"आता मी वाचू शकत नाही, तू वाच," ते म्हणाले. "पण मराठीत सांग. तो इंग्रजीत बोलला की परका वाटतो."

मी ओळी वाचत गेले, सरळ अर्थ सांगत गेले. गुंडानं व्हिस्की मागितली. न्यायाधीशानं हवेबद्दल काहीतरी म्हटलं. अण्णा मान पुढं काढून ऐकत होते, हसायची तयारी ठेवून.

"घोडा आला का? घोड्याला विचार."

"विचारलं."

"काय म्हणतोय?"

"फुरफुरतोय, अण्णा."

"एवढंच?"

"एवढंच लिहिलंय."

"छे! यांनी खेळ बदलला गे. जुना काय मजेचा होता." मग म्हणाले, "का तुझं इंग्रजी अजून कच्चं?"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, इंग्रजी लिहिण्याचाच पगार घेते ती!"

"म्हणून काय झालं? घोड्याचं इंग्रजी वेगळं असतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते सगळं आपणच रचलं होतं हे खरंच विसरले होते, की माझी फिरकी घेत होते? पूर्वी त्यांच्या डोळ्यांत बघितलं की कळायचं. आता कळेना. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कॅबवाल्याचा फोन आला. तो कोपऱ्यावर उभा होता आणि पोलीस त्याला थांबू देत नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीच्या माझ्या घरापर्यंतचा तुंबलेला रस्ता डोळ्यांपुढं आला. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला.

"पुढच्या गुरुवारी पुढचं खेळू," मी म्हणाले.

"सरी, सरी, चालेल. येताना नीट वाचून ये."

शनिवारी सकाळी आंघोळीला जायला म्हणून अण्णा पलंगावरून उठले आणि तिथंच कोसळले. मी पोचले तेव्हा शेजारचे लोक जिन्यावर चपला काढत होते.

अण्णांचे दिवस झाले. पाहुणे गेले. एका दुपारी आई अण्णांचे शर्ट घडी करत बसली होती आणि मी तिच्यापाशी बसून ऑफिसच्या मेल बघत होते. ती म्हणाली, "तो खेळ दाखव बघू. मी कधी बघितलाच नाही. आतून ऐकलाय नुसता."

मी लावला. आईनं चष्मा पुसून धुळकट रस्ता बघितला, लाकडी घरं बघितली. "हे देवनहळ्ळी होय?" ती हसली. "किती मेहनत घ्यायचे ते याच्यासाठी. कारखान्याच्या बसमध्ये बसून जुळवायचे. आल्यावर आधी मला ऐकवायचे, 'अहल्या, हे अनुला आवडेल का?' मी हसले नाही की बदलायचे."

हे मला माहीत नव्हतं. मी एवढंच धरून चालले होते की ते त्यांना बसल्या बसल्या सुचायचं.

"मग बंद का केलं गं?" मी विचारलं. "सातवीनंतर म्हणायला लागले, तुझा अभ्यास असेल, नको."

आईनं शर्टाची बाही सरळ केली. "त्यांना वाटायचं, आपण पोरीचं नुकसान केलं. सगळं आयतं सांगत बसलो, तिला स्वतः वाचायची सवयच लागली नाही. बरीच वर्षं मनाला लावून घेतलं होतं. तुला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आधी सरोजम्मा मिसकडे गेले. म्हणाले, मी बिघडवलं होतं, मिसनी सावरलं. परवापरवापर्यंत म्हणायचे."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला कसं बोलतील?"

पडद्यावर टोपीवाला रस्त्याच्या मधोमध थांबून राहिला होता. खेळात काही केलं नाही की माणसं आपापल्या जागी नुसती हलत राहतात. मी माउसवरचा हात काढून घेतला. बाहेर भाजीवाला कन्नडमध्ये कोथिंबिरीचा भाव ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत मी थांबले. बघत होते आईकडे, पण बोलले ते तिच्याशी नाही.

"अण्णा, मला वाचता येत होतं. चौथीपासून सगळं येत होतं. तुम्ही काही बिघडवलं नाही. मला तुमचं ऐकायचं होतं, म्हणून विचारत होते."