आईची कुरकुरणारी खुर्ची

बसा मित्रांनो, पण माझ्यावर नको. मी घडीची लोखंडी खुर्ची. आता वय झालंय, गॅलरीत पडून असते, माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घालतात. कुणी बसलं की मी वाजते, आणि त्या वाजण्याचीच मला लाज वाटते. का, ते ऐका.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पाइप वाकवणारा कारागीर चांगला होता, पण माझ्या डाव्या पायाच्या जोडात रिबिटाचा खिळा मारताना त्याला जांभई आली असावी. रिबिट तिरपं बसलं. तेव्हापासून माझ्यावर बसलेलं माणूस जरा पुढे वाकलं की ‘कुर्र’ असा आवाज होतो. त्यापायी दुकानात मला कुणी हात लावेना. शेवटी एका बाईंनी मला उचललं. त्यांच्या कडेवर निळसर ओठांची इवलीशी मुलगी होती. त्या दुकानदाराला म्हणाल्या, “वाजू दे हो, हलकी आहे ना? मला हिला घेऊन दवाखान्यात तासन्‌तास बसायचंय.”

ती मुलगी म्हणजे आमची मुंगी. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकाकांनीच तिला हे नाव ठेवलं होतं, कारण पलंगावर ती कुठे आहे ते शोधावं लागायचं. तिच्या हृदयातली एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती. मोठं ऑपरेशन करून तिथे धातूची झडप बसवली. त्यानंतर ती गुंगीत पडून असायची, अंगाला जिकडेतिकडे नळ्या. आई तिच्याकडे वाकली की मी वाजायचे, आणि मुंगीच्या कपाळावरची आठी जायची. आई इथेच आहे, हे तिला डोळे न उघडता कळायचं. बाबा एकदा तेलाची बाटली घेऊन आले, तर आईनं त्यांना हाकलून दिलं. “खबरदार हात लावाल तर! माझी पोर या आवाजावर झोपते.” तेव्हा मी काय फुगले होते म्हणून सांगू!

मुंगी मोठी होऊ लागली. डॉक्टरकाका विचारायचे, “काय मुंगीबाई, दम लागतो का?” मुंगी तोंड उघडायची. तेवढ्यात कुर्र! आई पुढे वाकून सांगायची, “जिना चढताना लागतो, सपाटीवर नाही.” उत्तर अगदी बिनचूक. आईला गोळ्या, तपासण्या, तारखा, सगळं तोंडपाठ होतं. हळूहळू मुंगी तोंड उघडेनाशी झाली. खुर्ची वाजली की आपण गप्प बसायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं. आणि मला मूर्खाला वाटायचं, वा, काय झकास चाललंय आमचं!

मुंगी अठरा वर्षांची झाली. डॉक्टरकाका म्हणाले, “आता माझ्याकडे यायचं नाही हं. मोठ्यांच्या दवाखान्यात जायचं.” त्याच सुमाराला मुंगीला दुसऱ्या शहरात नकाशे काढायचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला. लहानपणापासून खिडकीत बसून गल्ल्यांचे नकाशे काढणारी पोर ती, आनंदानं नुसती नाचत होती. पण वसतिगृहवाल्यांची एक अट होती. ही मुलगी स्वतःच्या तब्येतीकडे स्वतः बघू शकते, असं डॉक्टरांचं पत्र हवं.

मोठ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर रंगवलेले मासे नव्हते, सशाची चित्रं नव्हती. टेबलामागे नव्या डॉक्टरीणबाई आणि शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर. आईनं नेहमीप्रमाणे मला मुंगीच्या शेजारी उघडलं.

“तुला काय त्रास आहे, तूच सांग बरं,” बाई म्हणाल्या.

कुर्र! “आमच्या मुंगीला ना, मॅडम...” आईनं सुरुवात केली. ते घरातलं नाव ऐकून एका शिकाऊ डॉक्टरनं हसू दाबलं. मुंगी मान खाली घालून बसली.

“पाळी नियमित येते का? रक्त फार जातं का?” बाईंनी हळू आवाजात मुंगीला विचारलं.

कुर्र! आईनं तेही सांगितलं. खणखणीत आवाजात, त्या दोघा पोरांसमोर. मुंगीचे कान लाल झाले. मित्रांनो, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं मला वाटलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

आईचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत तिला कुणी बाहेर काढलं नव्हतं. मला काखेत मारून ती बाहेर आली आणि दाराला चिकटून बसली. दार अर्धवट लोटलेलं होतं.

“कोणत्या गोळ्या घेतेस?” आतून आवाज आला.

“एक गुलाबी... एक पांढरी.”

“गुलाबी कशासाठी?”

मग मुंगी पुटपुटली, “आईला विचारून सांगते.”

कुर्र! आई बाहेरूनच ओरडली, “अगं, रक्त पातळ राहण्याची!”

बाकावरचे सगळे हसले. एक टकले काका म्हणाले, “ताई, परीक्षा मुलीची आहे ना? मग कॉपी कशाला पुरवताय?”

पत्र मिळालं नाही. बाई मुंगीला म्हणाल्या, “तिथे तू दात काढायला गेलीस आणि रक्त थांबेना, तर कुणाला विचारशील? पुढच्या महिन्यात ये. तुझं तूच सांग, मग बघू.”

घरी आल्यावर मुंगीचा बांध फुटला. “ही खुर्ची वाजली की माझी बोलतीच बंद होते, आई! मला माझ्या आजाराचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. लाज वाटते मला!”

“तुझ्यासाठीच तर...” आई म्हणाली. बाबा गुपचूप तेलाची बाटली घेऊन आले. आई म्हणाली, “राहू द्या. खुर्चीला तेल घालून काय होणार? पुढे वाकते ती मी.” आणि तोंडाला हात लावून रडली. त्या घरात तेव्हा कुणाला जास्त शरम वाटत होती, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा डबा मुंगीच्या टेबलावर गेला. ती गोळ्या काढायची आणि मोठ्यानं सांगायची, ही कशाची, ही कशाची. चुकली की आईच्या ओठांवर उत्तर यायचं आणि आई ते कसंबसं गिळायची.

महिन्यानं पुन्हा तेच दार. या वेळी आई आपणहून बाहेर बसली. आत मुंगी बोलत होती. झडप सांगितली, गुलाबी गोळी सांगितली. मग बाईंनी विचारलं, “दात काढायचा ठरला, तर काय करशील?”

“दातांच्या डॉक्टरांना आधी सांगेन की माझी झडप धातूची आहे. मग... मग...” मुंगी अडली.

आईला माहीत होतं. ती पुढे वाकली, आणि मी वाजले. कुर्र!

आतला आवाज थांबला. मुंगीनं ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं. आई जागच्या जागी थिजली. मागे रेलली असती तरी मी वाजलेच असते. मग भिंतीचा आधार घेत, श्वास रोखून, ती माझ्यावरून उठली. पाय सुजलेले, तरी भिंतीला टेकून उभी राहिली.

मग मुंगी म्हणाली, “थांबा हं डॉक्टर, आठवतंय मला. रक्त पातळ करायच्या गोळीचं काय करायचं, ते आधी तुम्हाला फोन करून विचारेन. मनानं बंद करणार नाही. आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधी एक औषध घ्यावं लागतं, त्याची दातांच्या डॉक्टरांना आठवण करून देईन.” मग ती बोलतच राहिली. एका गोळीचं प्रमाण चुकलं, तर म्हणाली, “चुकलं, परत सांगते.”

नेमके ते टकले काका त्या दिवशीही आले होते. ते आईला म्हणाले, “अहो ताई, बसा की. खुर्ची रिकामीच आहे.”

आई डोळे पुसत कुजबुजली, “नको. आवाज होतो.”

मुंगी आता त्या दुसऱ्या शहरात असते. तिकडे तिला मुंगी म्हणत नाहीत. मी इथे पायपुसण्यांखाली असते, आणि जो आवाज तिला झोपवायचा तोच तिच्या तोंडाला कुलूप लावत गेला, हे आठवलं की अजून मान वर होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं आजारी भावंड असेल, तर त्याच्याजवळ खुशाल बसा. पण कुणी त्याला काही विचारलं, तर त्यालाच सांगू द्या. त्याला वेळ लागेल. तो चुकेल. उत्तर तुमच्या अगदी ओठांवर येईल. तेव्हा उठून उभे राहा. माझ्यावर बसू नका.