लोखंडाला कोंब

मंगळवारी सकाळी होटगी रस्त्याला, गेट-ग्रिल बनवणाऱ्या शेडांच्या रांगेत, पत्र्याच्या एका खोलीपुढे दीडदोनशे माणसं उभी होती. कुणी एका डोळ्यावर ओला रुमाल दाबून धरलेला, कुणाचा डोळा सुजून लाल झालेला, आणि निम्मे नुसतेच बघायला आलेले. आत चौरंगावर शिवप्पा बसला होता. कपाळभर भस्म, गळ्यात लिंबाएवढे रुद्राक्ष आणि हातात वीतभर तांब्याची नळी. लोक त्याला डोळेआप्पा म्हणत. डोळ्यात लोखंडाची कणी गेली की आप्पा ती नळीनं ओढून काढतो, अशी ख्याती पार मंगळवेढ्यापर्यंत पोचलेली होती.

माझ्यासमोर एक माणूस वेदनेनं पाय झाडत होता. आप्पानं त्याच्या डोळ्यात छोट्या बाटलीतून तीर्थाचे दोन थेंब सोडले. मिनिटभरात माणूस शांत झाला. गर्दीतून कौतुकाचा हुंकार आला. मग आप्पानं पितळी डबी उघडली, चिमूटभर भस्म स्वतःच्या जिभेवर टाकलं, डोळे मिटले आणि 'होरगे बा, होरगे बा' असं कानडीत पुटपुटत, म्हणजे त्या कणीला बाहेर ये म्हणून विनवत, नळीचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला लावलं. गाल आत ओढले. नळी बाजूला केली आणि पांढऱ्या ताटलीत थुंकला. थुंकीत तीन काळेभोर चकचकीत दाणे होते. हात जोडले गेले. एक म्हातारी तर त्या थुंकीच्या ताटलीच्या पाया पडली.

आप्पा बोलायला लागला. "हे शनीचं लोखंड. शनी तापला की ठिणगी त्याच माणसाच्या डोळ्यात जातीया, शेजाऱ्याच्या न्हाय. आणि तुमी गॉगल लावता. काच लावून देवाला आडवं जाता व्हय? काच फेका, दोरा बांधा."

हा शनी फक्त ग्राइंडर आणि वेल्डिंगवाल्यांवरच का तापतो, बँकेतल्या कॅशियरवर कधीच कसा तापत नाही, हे दोनशे डोक्यांपैकी एकाही डोक्यात आलं नव्हतं.

मी चंद्रिका. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड एकोणीस वर्षं शिकवते. त्या दिवशी मी आप्पाला बघायला गेले नव्हते. शेजारच्या महेश्वरच्या शेडमध्ये आमचे प्रशिक्षणार्थी कामाला पाठवता येतील का, ते पाहायला गेले होते. शेड रिकामी होती. प्रत्येक ग्राइंडरला काळा दोरा बांधलेला होता. सेफ्टी गॉगल कुठे आहेत म्हणून विचारलं, तर महेश्वरनं मोठ्या अभिमानानं कपाट उघडून दाखवलं. बारा गॉगल, प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न निघालेले. इन्स्पेक्टर आला की टेबलावर मांडतो, म्हणाला. कामगारच घालत नाहीत, घामानं काच धूसर होते, आणि आता आप्पांचा दोरा आहेच. तो ज्या सुरात हे सांगत होता, त्या सुरात लोक मुलाचा पहिला नंबर आल्याचं सांगतात. मी तिथंच ठरवलं की या शेडमध्ये माझं एकही पोर येणार नाही. मग त्याचे सगळे कामगार गेले कुठं, हे बघायला मी त्या पत्र्याच्या खोलीकडे आले.

पाय झाडणारा तो माणूस उठून वळला, तेव्हा मी त्याला ओळखलं. चन्नवीर. बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. फाइल, म्हणजे कानस, मारावी तर त्यानं, असा हात. आदल्या दिवशी दुपारी तो महेश्वरच्याच शेडमध्ये एका गेटचं वेल्डिंग ग्राइंडरनं घासत होता. ठिणग्यांचा झोत अंगाकडे आला आणि उजव्या डोळ्यात काहीतरी शिरलं. रात्रभर तळमळला. सकाळी बायको नीलम्मा त्याला घेऊन दवाखान्याला निघाली होती, पण महेश्वरनं दोघांना स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून आप्पाकडे आणलं. दवाखान्यात गेलं की दिवस मोडतो, आप्पा पाच मिनिटांत मोकळं करतो, असा त्याचा हिशोब.

मी चन्नवीरला बाजूला घेतलं आणि लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे चल म्हटलं. तो हसला. इतका वेळ रडणारा माणूस खरोखरच हसत होता. "मॅडम, दुखणं गेलंय की. दाणं तुमीपण बघितलं की." आप्पानं तीर्थाची बाटली बरोबर दिली होती, दुखलं की दोन थेंब टाकायला. गर्दीतले दोघंतिघं माझ्याकडे बघून हसले. शिकलेल्या बाईला देवाचं काही पटत नसतंय, असं कुणीतरी म्हणालं. मी चिडून निघून आले. हे मी लपवून ठेवत नाही. मी त्याच्या दंडाला धरून त्याला रिक्षात घालायला हवं होतं. त्याऐवजी मला माझा अपमान मोठा वाटला. मूर्खांच्या यादीत त्या दिवशी माझंही नाव होतं.

चार दिवसांनी, शनिवारी, नीलम्मा चन्नवीरला घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आली. त्याच्या उजव्या बुबुळावर पांढरट डाग पडला होता. दुखत नव्हतं, कारण दुखायला लागलं की तो तीर्थ टाकत होता. पण त्या डोळ्यानं दिसायचं कमी झालं होतं.

नीलम्माच्या हातात कुंकवाची एक जुनी डबी होती. ती तिनं टेबलावर ठेवून उघडली. आत ओल्या कापसाचा बोळा होता आणि कापसातून केसाएवढा लालसर कोंब वर आला होता.

त्या मंगळवारी ताटलीतला एक दाणा तिनं नवऱ्याचा डोळा पुसायच्या ओल्या बोळ्यानं गुपचूप उचलला होता. नवऱ्यावरची पीडा तीन वाटा मिळतात तिथं टाकायची, म्हणून. मग घरकामात राहून गेलं. डबी देवळीत तशीच. शनिवारी सकाळी टाकायला म्हणून उघडली, तर हे.

"मॅडम, लोखंडाला कोंब आलाय," ती म्हणाली. "हे लाल माठाचं बी हाय. माझी आई परसात पेरायची. हे मला कुणी शिकवायला नको."

नीलम्मा सातवी शिकलेली. दोनशे माणसांनी हात जोडून जे पाहिलं नाही, ते तिनं एका कोंबात ओळखलं.

आम्ही तिघं तिथूनच दवाखान्यात गेलो. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं, मग मलाही पाहू दिलं. लोखंडाची कणी बुबुळात जिथं रुतली होती तिथंच होती. तिच्याभोवती गंजाचं तांबडं कडं तयार झालं होतं आणि त्याच्याभोवती जखम पिकली होती. बाईंनी तीर्थाची बाटली मागितली. बाटलीवरचा कागद खरवडून काढला होता, पण तळाशी एक कोपरा शिल्लक होता. तो वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. डोळा तपासताना किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी तो बधिर करायला आम्ही वापरतो तेच औषध आहे हे, त्या म्हणाल्या. दुखणं थांबतं, जखम थांबत नाही. रुग्णाच्या हातात हे आम्ही कधीच देत नाही, कारण रोज टाकलं तर जखम भरत नाही, बुबुळ खराब होतं.

कणी सुईच्या टोकानं निघाली. दहा मिनिटांचं काम. सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी केलं असतं, तर आठवड्यात चन्नवीर कामावर गेला असता. माझ्या पर्समध्ये वर्कशॉपचं छोटं लोहचुंबक होतं. कणीजवळ नेलं आणि ती टुणकन चिकटली. बाईंनी ती चिकटपट्टीखाली एका कागदावर बंद करून दिली. डोळा राहील, म्हणाल्या, पण बुबुळाच्या मधोमध फूल पडल्यासारखा कायमचा डाग राहील, आणि त्यातून उजेड कळेल, माणूस कळणार नाही.

नीलम्मा बाहेर बाकावर बसून रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, मंगळवारी पुन्हा तो बसतो ना?

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी नीलम्माचे दोन्ही डोळे तपासून लिहून दिलं की डोळे स्वच्छ आहेत, आत काहीही नाही. त्यानंतर नीलम्मा डोळ्याला पदर लावून आप्पाच्या रांगेत बसली. नवरा गेट घासताना जवळ उभी होते, कचकच होतंय, असं तिनं सांगितलं. आप्पानं मान डोलावली. शनी आता बायकोवर उतरलाय, म्हणाला. तीर्थ टाकायला तिनं नको म्हटलं, दुखत नाही म्हणाली. मग भस्म जिभेवर, होरगे बा, नळी, गाल आत, थुंकी. या वेळी चार दाणे निघाले.

"आप्पा, हे लोखंडच न्हवं?" नीलम्मानं विचारलं.

"अस्सल लोखंड," आप्पा म्हणाला.

तिनं पदरातून माझं चुंबक काढलं आणि ताटलीतल्या दाण्यांवर फिरवलं. दाणे जागचे हलले नाहीत. तिनं शेजारी पडलेला एक खिळा उचलला. तो चुंबकाला लटकला. पुन्हा दाणे. पुन्हा काही नाही. मी पुढे झाले आणि डॉक्टरीणबाईंचा कागद मोठ्यानं वाचला. तोवर नीलम्मानं आप्पाची पितळी डबी उचलून घरून आणलेल्या पिठाच्या चाळणीत उलटी केली होती. राख खाली गळली. चाळणीत मूठभर माठाचं बी राहिलं. चिमटीबरोबर बी जिभेवर जायचं आणि थुंकीबरोबर ताटलीत यायचं. नळीचं काम एवढंच, की लोकांनी तिच्याकडे बघत राहावं.

एखाद्याला लाज वाटली असती. आप्पा चौरंगावर सरळ बसला आणि म्हणाला, "श्रद्धा नसंल तर लोखंडाचं बी हुतंय." आणि खरं सांगते, समोरच्या ओळीतल्या एका माणसानं मान डोलावली.

नीलम्मानं चिकटपट्टीचा कागद उघडला. "ही माझ्या नवऱ्याच्या डोळ्यातनं निघालेली कणी. तू काढलीस म्हणालास, आणि चार दिवस त्याच्या डोळ्यात गंजत हुती." तिनं चुंबक वर धरलं. कणी उडून चिकटली. "मग ह्याचं बी का झालं न्हाय? तवा तर श्रद्धा हुती की आमची."

चन्नवीर पट्टी बांधलेल्या डोळ्यानं दारात उभा होता आणि लोक आता चौरंग सोडून त्याच्याकडे बघत होते. ज्यांच्या डोळ्यावर ओले रुमाल होते, ते एकेक करून उठले. सहा जणांना मी त्याच सकाळी दवाखान्यात नेलं. चौघांच्या डोळ्यात कणी तशीच होती. दोघांची आसवांबरोबर आपोआप वाहून गेली होती, आणि असल्यांच्याच जिवावर आप्पाची कीर्ती उभी होती. बधिर करायच्या औषधाच्या अकरा बाटल्या आप्पाच्या चौरंगाखाली निघाल्या. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. आमची श्रद्धा का दुखावता, असं विचारायला चौकीवर आलेलेही होतेच. माझ्याकडे त्यांच्यासाठी वेळ नव्हता.

परवा मी चन्नवीरला नव्या बॅचसमोर बोलावलं. काय बोलू, म्हणून तो अवघडला. मी चहा मागवला आणि थर्मास त्याच्यापुढे सरकवून म्हटलं, तूच ओत. त्यानं कप धरला, थर्मास वाकवला आणि चहा कपाच्या दोन बोटं अलीकडे टेबलावर सांडला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. त्यानं फडका घेतला आणि टेबल पुसलं. "घरात नीलम्मा ओतते," तो खाली बघत म्हणाला.

म्हणून साधं सांगते. ग्राइंडर, वेल्डिंग, छिन्नी-हातोडा, ड्रिल, काहीही हातात घ्या, आधी डोळ्यांवर गॉगल चढवा. घाम येतो, तर पुसा. धूसर होतो, तर थांबा आणि स्वच्छ करा. दोन मिनिटांचं काम असलं तरी घाला, ठिणगी घड्याळ बघत नाही. तरीही काही गेलंच, तर चोळू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. आणि दुखणं थांबलं म्हणून बरं झालं असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्या डबीत काय आहे, ते चाळून बघा.