शिवकांताची दाढ आणि दोन गुरू

अहमदपूरच्या स्टँडवरून एका बाजूला नांदेडची गाडी सुटते, दुसऱ्या बाजूला लातूरची, आणि अंतर दोन्हीकडं जवळपास सारखंच. त्यामुळं इथल्या माणसाला आयुष्यात काही ठरवायचं असेल तर आधी गाडी ठरवावी लागते. शिवकांताचं घोडं आठ दिवस तिथंच अडलं होतं.

ती डॉक्टर शरणप्पांच्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती. डॉक्टर दाढ उपटायचे आणि ही पेशंटचा हात धरून बोलायची. "अण्णा, लेकीच्या लग्नातली पंगत आठवा. बोलायचं न्हाई, नुसतं आठवायचं. पहिल्यांदा काय वाढलं? बुंदी? वाढू द्या बुंदी." गडी मनातल्या मनात बुंदीवरून कढीवर यायच्या आत दाढ वाटीत पडलेली असायची. इंजेक्शन डॉक्टर द्यायचेच, पण गावात म्हण पडली होती, सुई डॉक्टरची आन् गुंगी अक्काची.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाट्यांवर जागा दिसेल तिथं 'जिल्हा' हा शब्द चढला. पावसाला मात्र ही बातमी कुणी कळवली नसावी. तो काही यायचं नाव घेईना. तरी जो तो लातूरला निघाला, तसे डॉक्टरही निघाले.

"अक्का, तुम्हाला न्यायचंय," ते म्हणाले, "पण तिथला पेशंट आधी भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचतो, मग तोंड उघडतो. तुम्ही जे करता त्याला संमोहन म्हणतात. त्याचा कोर्स करा. न्हाईतर मला शिकलेली बाई बघावी लागंल."

शिकलेली बाई! बारा वर्षं जिच्या जिभेवर दवाखाना चालला, तिला हे ऐकावं लागलं. शिवकांताला राग आला, पण नवरा गेल्यापासून ह्याच कामावर घर उभं होतं. राग गिळून ती कोर्सच्या चौकशीला लागली.

कोर्स दोन निघाले. नांदेडला एक प्रोफेसर होते. सात दिवसांचा वर्ग आणि सोनेरी काठाचं सर्टिफिकेट. लातूरला पुण्याचे कुणी सर आले होते. महिनाभराचा वर्ग आणि साधा कागद. गल्लीतले सगळे म्हणाले, नांदेडला जा, काठ सोनेरी हाय.

शिवकांतानं ऐकून घेतलं आणि मनात आपलीच परीक्षा ठरवली. तिच्या डाव्या जबड्यातली दाढ दोन वर्षं किडलेली होती. हजारोंना धीर देणारी ही बाई स्वतःच्या दाढेला चिमटा लागणार म्हटलं की थरथरायची. गालात लवंग धरून दिवस काढायची आणि डॉक्टरांना कळू द्यायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तर जो तिला गुंगवून ही दाढ काढू देईल, तोच तिचा गुरू. बाकी काठ सोनेरी असो नाहीतर जरीचा.

नांदेडच्या प्रोफेसरांनी पहिल्या फुकट दिवशी तिलाच पुढं बोलावलं. साखळीला बांधलेलं चांदीचं नाणं तिच्या डोळ्यांपुढं झुलवत ते म्हणाले, "बघा. एकटक बघा. पापण्या जड होतायत."

आता शिवकांता रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची आणि पापणी न हलवता त्याच्याकडं बघायची. सासूनं लावलेली सवय. ती नाण्याकडं बघतच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. प्रोफेसरांनी हात बदलला. पुन्हा बदलला. शेवटी पहिल्या रांगेतला एक हवालदार घोरायला लागला आणि प्रोफेसरांचा खांदा आखडला.

"बाई, तुमचं मन दगडाचं आहे," ते खांदा चोळत म्हणाले. "तुम्हाला ही विद्या यायची नाही."

"खांद्याला गरम विटकरीचा शेक द्या, सर," शिवकांता म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली. येताना गाडीत मात्र तिचा जीव थोडाथोडा झाला. मन खरंच दगडाचं असलं तर? मग लातूर कुठलं आणि दवाखाना कुठला!

दुसऱ्या दिवशी ती लातूरला गेली. पुण्याचे सर सरजाबाई नावाच्या घरमालकिणीच्या माडीवर वर्ग घेत होते. चष्मा, पांढरा शर्ट, आवाज तर दुधाच्या सायीसारखा. त्यांनी वर्गातल्या बारा जणांना सतरंजीवर आडवं केलं, डोळे मिटायला लावले. शिवकांताचे हातपाय सैल पडले. दाढेचा ठणका लांब गेला. हाच गुरू, असं तिच्या मनात आलंही.

"आता लांबून एक आवाज येतो आहे," सर हळुवारपणे म्हणाले. "पाण्याचा आवाज. खळखळ... पाणी जवळ येतंय... पाणी आलं..."

बाराच्या बारा जण ताडकन उठले. ज्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं हे दोन शब्द उच्चारायचे असतात का! कुणी सतरंजीत अडकून पडलं, कुणी जिन्यावरून घागर म्हणून सरांची कागदाची टोपली घेऊन पळालं. शिवकांता सगळ्यांच्या पुढं होती. खाली नळ कोरडा ठाक. सरजाबाई दारात उभ्या राहून हसत होत्या.

बाकीचे चिडून घरी गेले. शिवकांता पिशवी घ्यायला वर आली, तर सर एकटेच बसले होते.

"माझं काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

शिवकांतानं उचललेली पिशवी खाली ठेवली. कुण्या शिकवणाऱ्यानं तिला असं कधी विचारलं नव्हतं.

"सर, वाहतं पाणी ऐकलं की आमचा जीव घागर शोधतो. आम्हाला झोप भरलेल्या पाण्याची लागती. म्हणा, रांजण भरला. हंडे भरले. दाराजवळच्या तांब्यापर्यंत समदं भरलं."

सरांनी वही काढून ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. ते बघून शिवकांतानं गालातली लवंग काढली आणि दोन वर्षांचं गुपित सांगून टाकलं.

"मग चला," सर उठले. "आजच काढू."

डॉक्टरांचा नवा दवाखाना त्याच गल्लीत होता. "अक्का, तुमची दाढ? दोन वर्षं?" डॉक्टर बघतच राहिले. तिनं खुर्चीत बसून तोंड उघडलं. सुई टोचली गेली, आणि चिमट्याचा आवाज ऐकून तिनं खुर्चीचे हात गच्च धरले.

"रांजण भरला," सर म्हणाले. उच्चार पुण्याचा, पण शब्द तिचे. "हंडे भरले. कळशी भरली. तांब्या भरला." मग वहीत नसलेलं एक वाक्य ते मनानंच बोलले. "आता तुम्हाला कुणासाठी उठायचं नाही."

हे तिला कुणी, कधीच, म्हटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि मिटलेल्या पापण्यांखालून कानाकडं गेलं. पुढचं तिला आठवत नाही.

जाग आली तेव्हा दाढ वाटीत होती, गालात कापूस होता आणि दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात सर दारातून आत आले. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"ताई, खरंच नळ आला होता! डॉक्टर मागं पिंप भरतायत. सरजाबाईंनी खिडकीत येऊन दोनदा हाका मारल्या."

"आन् मी?" कापसातून आवाज आला.

"तुम्ही हललासुद्धा नाहीत."

सगळी गल्ली धावली आणि शिवकांता झोपून राहिली! तिनं जीभ फिरवून रिकामी जागा चाचपली. मग सरांपुढं हात केला. ते बादली पुढं करायला लागले. तिनं मान हलवली, बादली बाजूला सारली आणि त्यांच्या खिशातून डोकावणारा वर्गाच्या प्रवेशाचा फॉर्म काढून घेतला.