आईचं खातं बंद केलं तेव्हा

ऑफिसात त्याला सगळे प्लंबर म्हणायचे. काम तसंच होतं ना! घरी आजारी असलेल्यांसाठी कंपनीचं मोबाइल ॲप आणि ऑफिसातली मुख्य सिस्टीम, या दोन्हींची जोडणी त्याच्याकडे. त्याचा नियम एकच, आणि त्यापायी तो कुणाशीही भांडायचा: सिस्टीम म्हणेल ते खरं. सिस्टीममध्ये जे नाही, ते फोनवरही राहता कामा नये. आजारी माणसाची माहिती फोनात कशाला पडून राहायला हवी? बरोबरच होतं त्याचं, नाही कोण म्हणतंय!

आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने मोठ्या हौसेने तेच ॲप बाबांच्या फोनवर टाकलं. औषधाच्या वेळी फोन वाजायचा, आई बोलून तब्येत नोंदवायची, तिच्या आवाजातली नोंद फोनात राहायची आणि ऑफिसातही पोचायची.

आई गेली. फोन मात्र वाजतच राहिला. 'औषधाची वेळ झाली' म्हटलं, की बाबा उठायचे, पेल्यात पाणी घ्यायचे आणि रिकाम्या पलंगापाशी जाऊन उभे राहायचे. शेवटी एक दिवस ऑफिसात बसून त्याने स्वतःच्या हाताने आईचं खातं बंद केलं. बाबांची तेवढी तरी सुटका होईल, असं वाटलं बिचाऱ्याला.

संध्याकाळी घरी आला, तर बाबा फोन घेऊन जेवायला बसलेले.

"अरे, बघ रे याला काय झालंय. हिचा आवाजच येत नाही."

"कुठला आवाज, बाबा?"

"तब्येत सांगायची ना ती, तो. जेवताना लावतो मी रोज. एकट्याला घास उतरत नाही रे."

खातं बंद झालं तशा सिस्टीमने नोंदी पुसल्या, आणि फोननेही निमूटपणे पुसल्या. नियम कसा चोख पाळला मेल्याने! त्याने ऑफिसात फोन लावून विचारलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ठेवायची नाही, हा हट्टही त्याचाच.

"बाबा, माझ्याच हातून पुसलं गेलं. आता नाही हो मिळायचं ते."

बाबांनी फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

"असू दे," ते म्हणाले. "तुझ्याकडे पोचायचं ना सगळं? पोरगा तिकडे ऐकत असेल म्हणायची. तब्येतीचं दोन शब्दांत उरकायची आणि तुझ्याशीच बोलत बसायची. माझं डोकं हे असं, मी विसरून जाईन. तू सांग मला, काय काय म्हणायची."

कामावर गेल्या गेल्या तो रोज आधी आईचीच नोंद बघायचा. पोचली का, एवढंच बघायचा. एकही कधी उघडून ऐकली नव्हती.

बाबांनी ताट पुढे ओढलं.

"हं, सांग," ते म्हणाले.