माझी तीन किलोंची चूक

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाट, वर गोल तबकडी. कारखान्यातून निघालो तेव्हा तपासनीस म्हणाला होता, "हा पठ्ठ्या कधी चुकायचा नाही." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

माझी नेमणूक क्षयरोगाच्या दवाखान्यात झाली. खोकून दमलेली माणसं माझ्यावर उभी राहायची आणि श्वास रोखून सुईकडे बघायची. वजन वाढलं म्हणजे औषध लागू पडलं, एवढं त्यांना कळायचं. पुढे मला कुणी पुसेना, तेल घालेना. गंज चढला आणि मी तीन किलो जास्त दाखवू लागलो. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिथे शिवणकाम करणाऱ्या एक ताई यायच्या. त्यांना क्षयाबरोबर एचआयव्हीही होता. त्याच्या गोळ्या रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात मिळायच्या. तिथला वार वेगळा, रांग वेगळी, काटाही वेगळा. दारावर एचआयव्हीची ही मोठी पाटी आणि समोरच्याच दुकानात ताईंच्या जाऊबाई कामाला. ताई कधी आत जायच्या, कधी कोपऱ्यावरूनच माघारी फिरायच्या. इकडे मी मात्र 'एक्केचाळीस' दाखवून त्यांना निर्धास्त घरी पाठवत होतो.

मग दोन्ही दवाखाने आमच्याच इमारतीत एकत्र झाले. पहिल्याच दिवशी सिस्टरनी ताईंचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"एकाच आठवड्यात इथे एक्केचाळीस आणि तिथे अडतीस?" त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मी रिकामा होतो आणि माझी सुई तीनवर होती. मित्रांनो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!

सिस्टरनी दार लोटून घेतलं. "ताई, गोळ्या चुकतात का हो?"

ताईंची मान खाली गेली. "तिकडच्या चुकतात. जाऊबाईंनी पाहिलं तर..."

"बरं झालं सांगितलंत. आता तिकडे जायचंच नाही. एकच खोली, एकच वार, एकच फाईल. चला, डॉक्टरांना आत्ताच दाखवू."

माझीही दुरुस्ती झाली. त्यानंतर मी ताईंचं खरं वजन दाखवत गेलो. एकोणचाळीस, पुन्हा एकोणचाळीस, मग बेचाळीस. एके सकाळी सिस्टर बेडक्याचा रिपोर्ट घेऊन आल्या. "जंतू नाहीत, ताई." ताई मटकन बाकावर बसल्या. हसताहेत की रडताहेत, त्यांचं त्यांनाच कळेना.

त्याच दिवशी एक बाई फॉर्म भरून घेत होत्या. "इथल्या सेवेचा दर्जा कसा वाटतो?"

"दर्जा-बिर्जा मला नाही कळत," ताई म्हणाल्या. "पण इथे माझ्या आजाराचं नाव हळू आवाजात घेतात. आता मी रस्त्यानं सरळ चालत येते."

मित्रांनो, तुम्हीही कधी दवाखान्यात याल. शेजारी कुणी ओळखीचं दिसलं, तर 'तुम्ही इथे कसे?' असं विचारू नका. थोडं सरकून जागा द्या.